मागे कोण बसतं?

गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की मिस्त्री बॉनेटकडे बघायचे नाहीत, चाकांकडेही बघायचे नाहीत. फडक्याला हात पुसत यायचे आणि एकच विचारायचे, "मागे कोण बसतं?"

नवा माणूस चक्रावायचा. गाडी खडखडते म्हणून आणली, तर हे गृहस्थ घरच्या माणसांची चौकशी करायला बसले! पण उत्तर मिळाल्याशिवाय मिस्त्री पाना हातात घेत नसत. मागे म्हातारी बसते, की शाळेत जाणारी तीन पोरं, की नुसती पोती पडलेली असतात, हे कळल्यावाचून गाडीला कुठली स्प्रिंग घालायची ते ठरणार कसं? आजूबाजूचे दुकानदार त्यांना 'मागे-कोण' म्हणायचे. तोंडावर मिस्त्री आणि पाठ फिरली की मागे-कोण. मिस्त्रींना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

त्यांचं काम गाडीच्या खालचं. इंजिन बिघडलं, दिवा लागत नाही, काच वर जात नाही, असलं काही घेऊन गेलात तर ते पलीकडच्या दुकानाकडे बोट दाखवायचे. स्प्रिंगा, हादरा जिरवणारे शॉकअप, सांध्यांतले रबरी बुश आणि चाक धरून ठेवणारे दांडे, एवढाच त्यांचा प्रांत. तिथे मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. टायरवरून तळवा फिरवून ते सांगायचे, हा माणूस वळणावर घाई करतो. बुश एका बाजूने जास्त झिजलेला दिसला की विचारायचे, "तुमच्या फाटकापाशी डाव्या हाताला उंचवटा आहे का हो?" आणि तो असायचाच. झीज वाचावी तर मिस्त्रींनी.

एकदा एक कॉलेजातला पोरगा आला. त्याला गाडी खाली बसवून हवी होती, कडक स्प्रिंगा लावून, जमिनीला घासेल अशी.

"मागे कोण बसतं?"

"कोणी नाही. म्हणजे आजी बसते कधीकधी. दवाखान्यात नेताना."

"मग या गाडीला ती स्प्रिंग लागणार नाही."

"दुसरीकडे लावून देतात," पोरगा म्हणाला.

"मग दुसरीकडे जा. पण आधी आजीला विचारून जा."

पोरगा तणतणत गेला आणि आठवड्याने मुकाट्याने परत आला. आजीने काय सुनावलं कोण जाणे, पण कान लाल होते. आणखी एक गिऱ्हाईक होतं आरसेवाला. त्याने सांगितलं, मागे माणूस नसतो, आरसे असतात. तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, "आरसा परवडला. हादरा बसला की फुटून सांगतो. माणूस सांगत नाही."

हे वाक्य त्यांच्याच तोंडचं, हे लक्षात ठेवा. पुढे मिस्त्रींना ते फार दिवस छळणार आहे.

मिस्त्रींच्या घरी माणसं मोजकी. आई होती तोवर आई, बायको आणि एक मुलगी. बायको घरी शिवणकाम करायची. पडदे, गणवेश, कोणाचा बाह्यांचा ढगळपणा काढून दे, कोणाच्या कमरेला दोन बोटं वाढवून दे. दिवसाचे आठ-नऊ तास मशीनवर वाकलेली, त्यामुळे पाठ तिशीतच कुरकुरायला लागली होती. तिची म्हणून चैन एकच. महिन्यातून एका रविवारी थोरल्या बहिणीकडे जायचं, दीड तासाच्या वाटेवर, शेजारच्या गावी. दोघींची आई लहानपणीच गेली, तेव्हा या थोरलीनेच तिची वेणी घातली, पाटी पुसली, तापात रात्री काढल्या. दोघी भेटल्या की मागच्या पायरीवर बसायच्या आणि मटार सोलत तासन्‌तास बोलायच्या. काय बोलायच्या ते दोघींनाही सांगता आलं नसतं. परतताना बायको गाडीत गुणगुणायची, आणि पुढे महिनाभर तेवढ्यावर तिचं चालायचं.

गाडी करड्या रंगाची, चार दारांची, दुसऱ्याच्या हातची घेतलेली. बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. मिस्त्रींच्या आईचे गुडघे वाकत नसत, म्हणून पुढची सीट तिची, आणि पाय लांब करता यावेत म्हणून ती पार मागे सरकवलेली. त्या सीटमागे बसणाऱ्याला पाय ठेवायला जागा उरत नसे. म्हणून मुलगी तिथे मांडी घालून बसायची आणि बायको मिस्त्रींच्या बरोबर मागे. तेव्हा गाडीच्या स्प्रिंगा मऊ होत्या. वळणावर ती नावेसारखी एका अंगाला झुकायची, मुलगी हसत आईच्या अंगावर पडायची. खड्डे मात्र कळायचे नाहीत. मऊ स्प्रिंग खड्डा पोटात घालते, असं मिस्त्री गिऱ्हाइकाला समजावत. आणि कडक असली तर? तर तो बसणाऱ्याला भोगावा लागतो.

मिस्त्रींची आई गेली. मुलगी शिकायला दुसरीकडे गेली. पुढची सीट रिकामी झाली, पण बायको पुढे येऊन बसली नाही, कारण तोवर तिथे मिस्त्रींची अवजारांची लोखंडी पेटी बसली होती. पेटी डिकीत ठेवता आली असती. ठेवू या, असं कोणी म्हणालं नाही. म्हणजे मिस्त्री म्हणाले नाहीत.

त्याच सुमारास रस्त्यापलीकडे नवं दुकान उघडलं. समोर उंच काच, आत गाडी वर उचलणाऱ्या दोन मशिनी, बसायला सोफा. गिऱ्हाईक सोफ्यावर बसून काचेतून मिस्त्रींच्या तेलकट फरशीकडे बघायचं. मिस्त्रींच्या नाकाला मिरची झोंबली. मग त्यांनी ठरवलं, आपलं काम काय आहे ते आपल्या गाडीनेच दाखवायचं.

त्यांनी चांगल्यातल्या आखूड, कडक स्प्रिंगा आणल्या, गॅस भरलेले शॉकअप आणले, आणि तीन दिवस गाडीखाली पडून स्वतःच्या हाताने सगळं बसवलं. जुन्या स्प्रिंगा तेल लावून, गोणपाटात गुंडाळून बाकाखाली सारल्या. चांगली वस्तू टाकून द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. गाडी दोन बोटं खाली बसली आणि एकदम रुबाबदार दिसायला लागली. मिस्त्रींनी पहिली फेरी मारली. आगाराच्या भिंतीला वळसा, पुलावरून पलीकडे, पाण्याच्या टाकीपाशी ते अवघड वळण. गाडी तसूभर झुकली नाही. रस्त्याला गोंद लावल्यासारखी चिकटून गेली. मिस्त्री एकटेच गाडीत मोठ्याने हसले. इतकं सुरेख काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

त्या दिवसापासून ती गाडी त्यांच्या दुकानाची पाटी झाली. गिऱ्हाईक आलं की पेटी उचलून बाजूला, त्याला पुढे बसवायचं आणि तीच फेरी. टाकीच्या वळणावर ते म्हणायचे, "दार धरू नका, नुसते बसा." गिऱ्हाईक डोळे विस्फारून बसायचं. समोरच्या सोफ्यावरची माणसं हळूहळू इकडच्या स्टुलावर यायला लागली.

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मिस्त्री तो प्रश्न विचारत होते. स्वतःला मात्र त्यांनी तो विचारला नाही. विचारला असता तरी त्यांनी बहुतेक सांगितलं असतं, कोणी नाही. बायको तर काय, घरचीच.

नव्या स्प्रिंगांवर पहिल्या रविवारी ती दोघं थोरलीकडे गेली. उतरताना बायको दाराला धरून मिनिटभर तशीच उभी राहिली. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "अहो, मागे जरा जास्तच हादरतं का?"

मिस्त्री हसले. "हादरत नाही गं, रस्ता कळतोय तुला आता. आधी गाडी तुला फसवत होती."

"मग फसवत होती तेच बरं होतं."

ती अगदी सहज म्हणाली, पण मिस्त्रींच्या ते वर्मी लागलं. सगळं गाव वाखाणतंय आणि घरात ही किंमत! मग त्यांनी घर येईपर्यंत तिला ऐकवलं. वजन कुठे पडतं, चाक कसं उडतं, कडकपणा म्हणजे सुरक्षितपणा कसा, आणि तीस वर्षं आपण हेच करतोय. अर्धा तास बोलले. त्या अर्ध्या तासात त्यांनी एकदा गाडी कडेला घेतली असती, किल्ली तशीच ठेवून मागे जाऊन बसले असते आणि नुसतं ढुंगण आपटून बघितलं असतं, तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण तीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला मागे बसून बघायची गरज वाटत नाही.

खरं तर यातली मेख मिस्त्रींना तोंडपाठ होती. चालवणारा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध बसतो, त्याला खड्डा आधी दिसतो, धरायला स्टिअरिंग असतं. मागचा बरोबर मागच्या चाकांवर बसतो, त्याला काही दिसत नाही आणि काही धरायच्या आत हादरा बसलेला असतो. शिवाय त्या स्प्रिंगा भरल्या गाडीसाठी केलेल्या. मागे चार माणसांचं वजन असेल तर त्या जरा तरी वाकणार. एक किरकोळ बाई बसली तर त्या कशाला वाकतील? हे त्यांनी शंभर लोकांना सांगितलं होतं.

बायकोने तो विषय पुन्हा काढला नाही. पुढच्या महिन्यात गणवेशांचं काम होतं. त्याच्या पुढच्या महिन्यात डोकं दुखत होतं. तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "मी बसने जाऊन येते. तुम्ही दुकान बघा."

"बसने? दारात गाडी असताना?"

"बसची सवय मोडायला नको," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन निघालीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने दात काढत विचारलं, "काय मिस्त्री, वहिनी बसच्या रांगेत दिसल्या?" मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खालच्या कामाचा एवढा नावाजलेला मिस्त्री, आणि त्याची बायको बसने जाते! त्यांनी मनाशी बरंच काही रचलं. तिला आपण बरोबर नको असणार. आपण तिथे अंगणात येरझारा घालतो, घड्याळ बघतो, ते दोघी बहिणींना खुपत असणार. मग ठीक आहे, आपणही विचारायचं नाही. रुसायची हौस पुरुषांनाही असते. फक्त त्याला ते स्वाभिमान म्हणतात.

दोन वर्षं ती बसने गेली. मग बसची पायरीही तिला जड झाली. एक दिवस जाऊन यायचं आणि दोन दिवस आडवं पडायचं, शिवणाची कामं तुंबायला लागली. दर महिन्याचं जाणं तीन महिन्यांवर गेलं, तिथून सहा महिन्यांवर. मग उरला फोन. मशीन थांबवून ती खिडकीपाशी उभी राहून बोलायची. मिस्त्री घरात आले की म्हणायची, "बरं, ठेवते."

मग थोरली आजारी पडली आणि पडूनच राहिली. बायको एकदा बसने जाऊन आली आणि परतल्यावर तीन दिवस तिला उठून बसवेना. मिस्त्री दारातून म्हणाले, "गाडी आहे. चल म्हणालीस तर आत्ता काढतो."

तिने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. "शनिवारी जाऊ," ती म्हणाली. "पाठ जरा हलकी झाली की जाऊ."

गुरुवारी सकाळी फोन आला.

त्या दिवशी ती गाडीत बसली. मिस्त्रींनी गाडी हाणली. थोरलीच्या घरी खोली माणसांनी भरलेली. कोणीतरी म्हातारी बायकोला जवळ घेऊन म्हणाली, "वाट बघत होती गं तुझी. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती." सगळ्यांच्या माना वळल्या, आधी बायकोकडे आणि मग दारात उभ्या मिस्त्रींकडे. त्या नजरा त्यांना सोसवल्या नाहीत. आपल्यावर ठपका येतोय असं वाटलं आणि ते बोलून गेले. हळू नाही, चांगलं खणखणीत, खोलीभर ऐकू जाईल असं.

"गाडी दारात उभी होती. हीच आली नाही."

साडूंनी, म्हणजे थोरलीच्या नवऱ्याने, मान खाली घातली. बायकोने मिस्त्रींकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मिस्त्रींना तो कळला असता. ती दमलेल्या माणसासारखी बघत होती. मग ती बहिणीच्या उशाशी जाऊन बसली.

यावर तीन वर्षं गेली. घरात भांडण असं काही नव्हतं. जेवण वेळेवर, कपडे धुतलेले, विचारलं तर उत्तर. फक्त गुणगुणणं बंद झालं होतं, आणि तेही मिस्त्रींना फार उशिरा लक्षात आलं.

मग त्यांना हर्निया झाला. आयुष्यभर जड वस्तू उचलल्या, त्याचं फळ. ऑपरेशन झालं, चार दिवसांनी घरी सोडलं. गाडी घेऊन न्यायला मुलगी आली होती. ती आता नोकरीला लागली होती आणि गाडी झकास चालवायची. मिस्त्री सवयीने चालवायच्या दाराकडे वळले, तशी ती म्हणाली, "बाबा, डोकं ठिकाणावर आहे ना? मागे बसा, आईजवळ."

"पुढे बसतो की."

"पुढे तुमची पेटी आहे. आणि पट्टा बरोबर टाक्यांवर येईल. मागे."

अशा रीतीने मिस्त्री आपल्या गाडीत पहिल्यांदा मागे बसले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. बायको दुसऱ्या बाजूने आली आणि तिने त्यांना आपल्या नेहमीच्या जागी, चालकाच्या मागे बसवलं. तिथे एक उशी होती आणि एक चादर, चौपदरी घडी घालून उशीखाली सारलेली. मिस्त्रींनी ती वर्षानुवर्षं बघितली होती. मुलगी लहान असतानाची राहून गेली असेल, असं त्यांना वाटायचं.

दवाखान्याच्या फाटकापाशी एक छोटा उंचवटा होता. गाडी त्यावरून गेली आणि मिस्त्रींना वाटलं, कोणीतरी खालून लाथ घातली. टाक्यांतून कळ गेली ती थेट डोक्यात. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"हळू चालव गं!"

"बाबा, वीसवर आहे. याहून हळू म्हणजे ढकलत न्यावी लागेल."

पुढे पुलावरचे सांधे आले. धाड, धाड, धाड. मिस्त्रींनी दात आवळले. काही दिसत नव्हतं, समोर नुसती सीटची पाठ. हादरा कधी येणार ते कळायला मार्ग नाही, तो अंगात शिरला की मगच कळायचं. तेवढ्यात शेजारून बायको हळूच म्हणाली, "आता धरा."

"काय?"

"वरची मूठ. आता खड्डा आहे."

त्यांनी दारावरची मूठ धरली आणि खड्डा आला. धरल्यामुळे अंग जरा उचललं गेलं, कळ निम्मी झाली. "सोडा," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "आता परत. दोन आहेत, लागोपाठ." ती बाहेर बघतही नव्हती. सगळा रस्ता तिला पाठ होता. कुठे उचलायचं, कुठे श्वास धरायचा, कुठे उजव्या अंगावर झुकायचं, सगळं.

आगाराच्या भिंतीपाशी मिस्त्रींचा हात त्या मुठीवर होता आणि त्यांच्या बोटांना काहीतरी लागलं. ते झीज वाचणारे हात होते. मूठ गुळगुळीत झाली होती. प्लॅस्टिकवरची नक्षी पार पुसून गेलेली, आतल्या बाजूने चार बोटांच्या चार उथळ खुणा पडलेल्या, एका टोकाचा स्क्रू ढिला होऊन डुगडुगणारा. त्यांनी मान वळवून पलीकडची मूठ बघितली. ती नवीकोरी होती, दुकानातून आल्यासारखी.

लोकांच्या टायरांवर हात फिरवून त्यांचे स्वभाव सांगणारा माणूस. ही खूण त्यांच्या डोक्यामागे वीतभर अंतरावर होती, वर्षानुवर्षं.

टाकीचं वळण आलं. गाडी तसूभर झुकली नाही. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मुलीला वाटलं, टाक्यांमुळे.

घरी पलंगावर पडल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

ती औषधांच्या पुड्या लावत होती. "सांगितलं होतं की," ती म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती, जे झालं ते सांगत होती.

सहा आठवडे काही उचलायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. ते सहा आठवडे मिस्त्रींनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. छताकडे बघत पडायचे. एकेक रविवार आठवायचा. प्रत्येक 'डोकं दुखतंय' आठवायचं, बसच्या रांगेतली पिशवी आठवायची. आरसेवाला आठवायचा. पण फिरून फिरून गाडी थांबायची ती त्या खोलीच्या दारात, त्या एका वाक्यापाशी. शनिवारी जाऊ, असं ती म्हणाली होती. पाठ हलकी झाली की. ती हट्टाने थांबली नव्हती. दीड तास ते हादरे सोसण्यापुरतं बळ ती गोळा करत होती. आणि आपण चारचौघांत काय बोललो!

हुकूम संपला त्या दिवशी त्यांनी बाकाखालून गोणपाट ओढलं. जुन्या स्प्रिंगा तेलात तशाच होत्या, गंजाचा ठिपका नव्हता. त्या बसवल्या, मऊ शॉकअप आणले, मागचे बुश बदलले. मग मुलीला चालवायला बसवून स्वतः मागे बसले आणि तीच फेरी चार वेळा मारली. दर फेरीला उतरून काहीतरी किंचित सैल करायचे. गाडी पुन्हा नावेसारखी झुकायला लागली. समोरच्या सोफ्यावरची माणसं काचेतून बघत होती. मिस्त्रींनी तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. अवजारांची पेटी डिकीत गेली. झिजलेली मूठ तेवढी त्यांनी बदलली नाही. फक्त तिचा स्क्रू आवळला.

तेव्हापासून दुकानात ते गिऱ्हाइकाला तो प्रश्न विचारत नाहीत. शब्द ओठांवर येतात आणि तिथेच अडकतात. ते सरळ मागचं दार उघडून आत बसतात आणि म्हणतात, "चालवा."

रविवारी सकाळी ते बायकोला म्हणाले, "चल. साडूंकडे जाऊन येऊ."

"आता तिथे काय आहे?" ती म्हणाली.

"मला काम आहे," ते म्हणाले. ती आली. त्यांनी पुढचं दार उघडून धरलं, पण तोवर ती मागच्या दारापाशी पोचली होती. "असू द्या," ती म्हणाली, "मला इथेच बरं पडतं."

साडू आता एकटेच राहत होते. चहा त्यांनीच केला. मागच्या पायरीवर एक रिकामी टोपली पडली होती, ती बायकोने उचलून सरळ ठेवली आणि तिथेच बसली. मिस्त्री उभे राहूनच बोलले. सहा आठवडे घोळवलेलं बोलणं, पण तोंडातून आलं ते तुटकंच.

"त्या दिवशी मी इथे सगळ्यांसमोर बोललो. ही आली नाही म्हणून. ते खोटं होतं. मी आणलं नाही. म्हणजे, येण्यासारखी गाडी ठेवली नाही."

साडूंनी कप हातात धरला. "आम्हाला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"पाठीचं. गाडीचं. हिने बहिणीला फोनवर कधीच सांगितलं होतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण हिने बजावून ठेवलं होतं, त्यांना कोणी काही बोलायचं नाही म्हणून. एवढ्या हौसेने केलंय, त्यांना लागेल म्हणाली." त्यांनी कप खाली ठेवला. "त्या दिवशी तुम्ही बोललात ना, तेव्हा खोलीतल्या निम्म्या माणसांना खरं काय ते माहीत होतं. हिच्याकडे बघून गप्प बसले सगळे."

मिस्त्री पायरीवर, टोपलीच्या पलीकडे बसले. माफी मागायला म्हणून आले होते आणि आता ती कुठून सुरू करायची तेच कळेना.

परतताना त्यांनी आरसा किंचित खाली वळवून घेतला. नेहमी त्यात मागची काच दिसायची. आता बायकोही दिसत होती. उशी तिने बाजूला सारली होती. पाठ टेकून, डोळे मिटून बसली होती.

"चुकलं माझं," मिस्त्री समोर बघत म्हणाले. "फार चुकलं."

"हं," ती म्हणाली. मग म्हणाली, "आज काही दुखलं नाही. छान झालीय गाडी."

त्यांना वाटलं, तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. थोरली जिवंत असताना या गाडीने तीन तास लागले असते, जायचे दीड आणि यायचे दीड. दर महिन्याला तीन तास तिला द्यायचे होते, आणि त्या जुन्या स्प्रिंगा बाकाखालीच पडून होत्या.

पूल जवळ आला. मिस्त्रींनी वेग कमी केला आणि आरशात बघितलं. डोळे तसेच मिटलेले होते. पण पहिला सांधा यायच्या आधी तिचा हात आपोआप वर गेला, बोटं मुठीतल्या त्या चार खुणांत बसली आणि अंग किंचित उचललं गेलं. सांधे खालून निघून गेले. गाडी नुसती डुलली.

"सोड की हात," मिस्त्री म्हणाले. "आता हादरा नाही बसत."

"हो की," ती म्हणाली आणि तिने हात मांडीवर ठेवला.

पुढच्या खड्ड्याआधी तो पुन्हा वर गेला. घर येईपर्यंत मिस्त्री आरशात तो हात बघत राहिले आणि गाडी शक्य तितकी हळू चालवत राहिले.